उजेडाला धरलेलं काम

सांगा, कौतुक करणाऱ्यावर भरवसा ठेवावा की खोट काढणाऱ्यावर? आमच्या स्वातीनं मित्रमंडळींसोबत संगणकावर लिहायचं एक सॉफ्टवेअर केलंय, कुणीही फुकट वापरावं असं. नवी आवृत्ती लोकांना द्यायच्या आधी तपासायला माझ्या चादरींच्या दुकानात पाठवली. रोज फोन, "बाबा, काही बिघडलं?"

"काही न्हाय गं, झकास!"

एकदा आमच्या मंडळींनी फोन हिसकावला. "खोटं बोलतायत. लाइट गेली की लिहिलेलं सगळं उडतंय. परत लिहीत बसतात, जेवण गार होतंय."

स्वाती म्हणाली, "बाबा, मागावरनं आलेली चादर तुम्ही उजेडाला धरता. धागा सुटला असला की खडूनं खूण करून परत पाठवता. माझंच काम का नाही धरलं?"

"तुझं हाय की गं ते."

"लाइट सगळ्यांची जाते, बाबा. कुणाचं तरी मन लावून लिहिलेलं जाईल."

तिनं दुरुस्ती धाडली. लिहिता लिहिता मी स्वतःच संगणकाचं बटण बंद केलं. चालू केल्यावर अक्षर न् अक्षर जागेवर! लगेच फोन लावला. "सगळं परत आलं. पण अक्षर लई बारीक हाय, खूण केलीय."

"आता कसं दुकानदारासारखं बोललात!" पोरगी खुदकन हसली.

तुमच्याही लेकरांनी काही तपासायला दिलं, तर माया पोटभर करा, पण चुकांचा हिशेब तेवढा खरा ठेवा.