पोळ्याच्या दिवशी गोदीत

आमच्या आबांनी एकदा माझं आख्खं आरमार सुट्टीवर पाठवलं होतं, ते सांगितलं का तुम्हाला? आबा म्हणजे माझे सासरे, परंदवडीचे. मी मोबाईलवर लढाऊ जहाजांचा खेळ खेळते. आबांची बैलजोडी जाऊन दारात ट्रॅक्टर आला, तेव्हापासून तेही शेजारी बसून बघतात. लढाईत फुटलेलं जहाज दुरुस्तीसाठी गोदीत लावायचं काम तर त्यांनी स्वतःहूनच घेतलंय. "लय मार खाल्लाय गं ह्यानं," असं म्हणत लावतात.

पोळ्याच्या दिवशी माझे हात पुरणात होते आणि दुपारी शत्रू आमच्या बंदरावर येणार होता. मी म्हटलं, "आबा, फुटलेली जहाजं तेवढी गोदीत लावा. बाकीची बंदराच्या तोंडाशी राहू द्या."

"व्हय," म्हणाले.

हात धुऊन फोन घेतला, तर बंदरात चिटपाखरू नाही! ज्यांना नुसता ओरखडा होता तीही जहाजं गोदीत, आणि काम पुरं झाल्याशिवाय एकही बाहेर निघेना.

"आबा, हे काय केलंत?"

"आज पोळा हाय. आज कुणाला जुंपायचं न्हाई."

तेवढ्यात शत्रूची जहाजं आली आणि आमच्या डोळ्यांदेखत बंदर गेलं. मी कपाळाला हात लावला. आबा मात्र त्या परक्या जहाजांकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "सणाच्या दिवशी जुंपलीत बिचारी. त्यांच्या घरात कुणी म्हातारं माणूस न्हाई का गं?"