हवालदार कुर्ल्याचो चिमटो

(कणकवली. ‘हवालदार कुर्लो’ या कॉमिकची कचेरी. नायक म्हणजे पोलिसाची टोपी घातलेला खेकडा. चित्रं बाबली काढतो, छापते त्याची मुलगी अक्षया. समोर बसलाय लवू, तोंडवलीचा वाचक.)

अक्षया : अहो लवूदादा, चूक सापडली तर फोन करायचा. पुढच्या अंकातल्या चित्रात कुर्लो तुम्हाला चिमटा काढणारच, आपली पद्धतच आहे ती. त्यासाठी एवढ्या लांब आलात?

लवू : चिमटे तीनदा खाल्लंय गो! तिनय चित्रां फ्रेम करून हॉटेलात लावलंय. गिऱ्हाईकां इचारतत, ह्यो बोंबलता तो कोण? मी सांगतंय, मीच! पण ह्या खेपेक चूक एक नाय, ढीगभर आसत.

बाबली : ढीगभर? मेल्या, चिमट्याच्या हावेन बाता मारतंस.

लवू : काकानू, कुर्ल्याक सातच पाय काढलास. होडी आसा, वल्हां गायब. आणि सरपंचबायची टिकली गालार!

बाबली : तो... तीळ आसा.

लवू : लाल तीळ?

अक्षया : बाबा मुद्दाम करतात हो, वाचकांना सापडाव्यात म्हणून. मला तसंच सांगितलंय त्यांनी.

लवू : अख्ख्या वाडीक चिमटो मिळात येवढ्यो? पयल्या पानाक आमी हसलों. मगे कोण हसाक नाय.

बाबली : चाय घी रे. थंड होता.

लवू : कधीच घेतलंय. रिकामो कप तुमच्या फुड्यात आसा, काकानू.

अक्षया : बाबा?

बाबली : काळोख आसा हयसर.

अक्षया : भर दुपार आहे, बाबा. खिडकी सताड उघडी आहे.

बाबली : ...मोतीबिंदू आसतलो. सगळां धुक्यात गेल्यासारखां दिसता.

अक्षया : आणि मला बोलला नाहीत?

बाबली : बोललंय आसतंय तर तू ऑपरेशनाक व्हरून बसयलं आसतंस. आणि मगे हात फिरलो नाय तर? कुर्लो दुसऱ्याच कोणी काढल्यासारखो दिसलो तर?

लवू : हात काय डोळ्यात आसता? माझ्या आवशीचां ऑपरेशन गेल्या वर्सा झालां. आता ती पडवीत बसान वळखता, कोणाक मासो गावलो नि कोण रिकामो इलो. रिकाम्याक चिडयता वरसून!

बाबली : तिका चित्रां खंय काढूची आसत?

लवू : काढल्यान मां! ह्यां चित्र बघा. आमी वाडीतल्या वाचकांनी मिळान काढलां. आजपर्यंत चूक धरणाऱ्याक चिमटो. ह्या खेपेक चूक करणाऱ्याक!

बाबली : बघूया... अक्षया, काय आसा गो ह्यां?

अक्षया : तुम्ही आहात, बाबा. लुंगीत. कुर्लो मागून चिमटा काढत तुम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात ढकलतोय.

बाबली : माका वळखलंस कशावरसून?

अक्षया : नाकावरून. भोपळ्याएवढं काढलंय.

लवू : नाक माझ्या आवशीन काढल्यान. कोणाक हात लावूक दिल्यान नाय.

बाबली : आणि कडेक ही गर्दी कसली?

अक्षया : वाचक आहेत. दवाखान्याच्या दाराबाहेर थांबलेत. एकाच्या हातात शहाळं आहे.

लवू : फुडचो अंक आमी काढतलों, काकानू. वायटच काढतलों. तुमी बरे झालास की चुको धरा नि पोटभर चिमटे खावा.

बाबली : हसयतंस रे मेल्या... अक्षया, ह्यांच छाप. मुखपृष्ठार.

अक्षया : छापते. आणि दवाखाना?

बाबली : उद्या जावया.

अक्षया : नक्की? उद्या भजन, परवा बारसं, असं नको हां.

बाबली : नाय गो. कितके दिस झाले, तुझां तोंड नीट दिसाक नाय. हसतंस की रागावलंस, तां आवाजावरसून वळखतंय. आता बघूचां आसा.