मग म्हणू नका

न्हाय, अंगठा न्हाय उठवायची मी. ती शाईची डबी झाका आदी, वाळंल. अवो, वाचून दाखवलासा न्हवं आत्ताच — शेजारीण अंबुबाई हिनं समक्ष सांगितल्यावरून — मी कवा सांगितलं निंगव्वा वेडी हाय म्हणून? बसा, उठू नका. आज बाजार, वखार बंद, ती गेलीय नातीला घिऊन चुरमुरं आणाय, घटकाभर तरी यायची न्हाय. भिंतीला भिंत हाय आमची, ती घरात असती तर येवढ्या मोठ्यानं बोलले नसते. ठसका लागला व्हय? तंबाखू हाय ती, माझ्या लुगड्यातली, धुऊनबी जात न्हाय. पदर धरा तोंडाला. निपाणीत नवं माणूस आलं की आदी शिंकतंय आन मागनं बोलतंय.

काय म्हणालासा — दोन वर्सं मुंबईला ह्येच शिकलासा? समाजाचं काम? आन त्येचा कागद मिळतोय, शिक्का मारलेला? न्हाय, मी हसत न्हाय, पद्मजाबाई. बेळगावच्या वकिलाची लेक तुमी, घरात बसून खाल्लासा तरी कोण काय म्हणणार हाय, तरी ह्या धुरळ्यात आलासा. परवा सांगत हुतासा तवा लई ग्वाड वाटलं मला — गरिबाला भीक घालायची न्हाय, त्येला त्येच्या पायावर उभं करायचं, त्येचं दुखणं त्येच्याच तोंडनं ऐकायचं, मधी आपलं घुसडायचं न्हाय. माणूस थांबलं की नुसतं ‘मग?’ म्हणायचं, म्हंजे ते आपसूक बोलत ऱ्हातंय — मास्तरांनी शिकवलंय न्हवं असं? चांगलं शिकवलंय. मराठी माणसासाठी चांगलं हाय.

आता त्या दिशी तुमी निंगव्वाच्या उंबऱ्यात बसलासा, मांडीवर कागद, हातात टाक. इचारलासा — घरात कोण कोण? ती म्हणाली, मी आन माझी नात नागी. तुमी म्हणालासा, मग? ती दचकली. तुमी हसून परत — मग? ती उठली, ट्रंक उघडली, ल्योकाचा सदरा काढून तुमच्या म्होरं ठेवला. तुमी लिवलासा. परत — मग? तवा ती तुमचं पाय धरून रडाय लागली, रडता रडता हसाय लागली, चुलीवर च्या ठेवला, गूळ काढला, दोनदा दारात जाऊन रस्ता बघून आली. आन कागदावर काय? साध्या प्रश्नाला रडते, हसते, कपडे काढून दाखवते, चित्त थाऱ्यावर नाही, तीन वर्षांची मुलगी हिच्याजवळ ठेवणं धोक्याचं, बेळगावच्या आश्रमात पाठवावी. माझा अंगठा उठला की पोर गेली.

अवो बाई, कानडीत मगा म्हंजे ल्योक.

बघा, तोंड उतरलं. ठावं हाय की तुमाला. बेळगावात जन्मलासा, दारावर भाजी घ्यायपुरती कानडी येती, येवढा शब्द कसा ठावं नसंल? ठावं हुता, पर मांडीवरच्या कागदात तुमचं ध्यान. ती गोकाककडची, हितं येऊन दोन वर्सं झाली, मराठी वखारीपुरती — पान, देठ, भुकटी, उचल, ठेव. ल्योक बेळगावात भरती हून बर्म्याच्या लढाईला गेलेला, सून बाळंतपणात गेली, ही नागी तेवढी ऱ्हायली. आन दारात इस्त्रीच्या लुगड्यातली बाई येती, हातात सरकारी दिसणारा कागद, आन म्हणती — मगा? मगा? तिला वाटलं, सरकारनंच धाडली. तिला वाटलं, त्येची खबर आणलीय. ‘नन्न मगा बंदानेन’ — माझा ल्योक आलाय काय — चारदा इचारलं तिनं तुमाला. मी भिंतीपल्याड मोजत हुते. चारीबारी तुमी म्हणालासा, मग?

काय? मला ऐकू येत हुतं तर मी का न्हाय उठून आले?

भाकरी थापत हुते.

न्हाय — भाकरी न्हवती. पीठच न्हवतं त्या दिशी घरात. आले असते तर तिनं मला इचारलं असतं, आन माझ्यानं खोटं बोलवलं नसतं. अंगठा अंगठा करताय न्हवं मगापासनं? एकदा उठवलाय मी. चैतात. मला ताप म्हणून मी घरात, ती वखारीत, आन तारवाला आला. शेजारीण काय तुमी, म्हणला, हितं उठवा. उठवला. शाळंच्या मारुतीराव मास्तरांनी वाचून दाखवली, दोन वळी हुत्या. नागीच्या अंगावर गोवर हुता, म्हटलं आज नगो, मग सांगू. गोवर उतरला, म्हटलं सनाचं दीस, मग सांगू. हंगाम लागला, ती पान निवडता निवडता गाणं म्हणत हुती, म्हटलं — मग मग करत दिवाळी आली तोंडावर. त्या डब्यात हाय तार, चोळीच्या घडीत. रोज सांजचं ती चूल पेटवाय माझ्याकडं इस्तू न्यायला येती आन मी तिच्या तोंडाकडं बघत न्हाय.

असं बघू नका माझ्याकडं. तुमी एक दीस चुकलासा, मी सात म्हयनं, मला कबूल हाय. पर तुमच्या चुकीला शिक्का मिळणार हाय, आन त्या शिक्क्यानं पोर उचलून न्हेणार. ते मी हू द्यायची न्हाय. तिच्या पदरात आता ती येवढीच हाय, ह्ये तिला ठावं न्हाय, मला ठावं हाय. फाडा. मागनं न्हवं, हितं, माझ्या म्होरं. आन नवा लिवा, त्येच्यात माझं नाव घाला — अंबुबाईनं तार दडवली म्हणून. त्येच्यावर लागंल तेवढं अंगठं उठवते.

तुमी सांगता तिला? शिकवलंय व्हय तुमाला ते, आईला कसं सांगायचं? न्हाय न्हवं? मलाबी कुणी शिकवलं न्हाय.

ती बघा, वळणावर आल्या दोघी. नागीच्या हातात फुगा हाय. तुमी ह्या मागल्या दारानं जावा. रडू नगं गं पोरी, तुजं काम तू कर, चांगलं हाय तुजं काम, फकस्त एकदा कानडी शिक. च्या नगो, काय नगो. मला तो डबा काढू दे वरचा.

ये गं निंगव्वा. आत ये. बस.