नव्या जहाजाचं नाव

कालव्यातली प्रवासी नाव काठावरून चालणारा घोडा ओढत होता. कोपऱ्यात लाइस्बेट बसली होती. तिचा नवरा ‘सोनेरी बगळा’ या लढाऊ जहाजावर गेला, त्याला दोन हिवाळे झाले. समोर मासेवाली ट्राइन ही लाकूड कोरणाऱ्या वेसेलला छळत होती.

“मामा, गोणपाटात काय गुंडाळलंय? कुणाचं पोर पळवलंत की काय?”

“लाकडी बगळ्याची मान आहे, बाई. नव्या लढाऊ जहाजावर बसवायचीय.”

“बगळाच का? जहाजांवरचे नेहमीचे सिंह संपले?”

“जहाजाचं नावच ‘सोनेरी बगळा’ ठेवलंय.”

“अहो, त्या नावाचं आहे की एक समुद्रात!”

“होतं.”

“आरमाराची कचेरी तर म्हणते, यायला उशीर झालाय.”

“ते बायकांना सांगायला. मला सांगतात, मुलामा लवकर चढव.”

“मामा,” लाइस्बेट म्हणाली, “माझा नवरा आहे त्या जहाजावर. ते परत आलं, तर दोन बगळे ओळखायचे कसे?”

“हे... हे मी साहेबांना विचारलं नाही, पोरी.”

“मग मी विचारते. मला कचेरीच्या धक्क्यावर उतरायचंय. तो बगळा द्या इकडे.”

“जड आहे गं.”

“असू दे. साहेबांच्या टेबलावर ठेवेपर्यंत पेलेन.”

वेसेलनं गोणपाट सोडलं आणि बगळ्याची मान लाइस्बेटच्या मांडीवर ठेवली.