दोन फुटी छत्री

—नाही हो दादा, सहा फुटी कशाला? कुणी भरवलं तुमच्या डोक्यात? सहा फुटी छत्री बसवली की गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा उरायची नाही, आणि वारा सुटला की शेजाऱ्यांशी भांडण वेगळं. बसा ना, त्या खोक्यावर बसा, भरलेलं आहे ते, मोडत नाही. छत्रीचं कसं असतं — आमचे हे सगळ्यांना सांगायचे — ती टीव्हीच्या मापानं घ्यायची नसते. लोक येतात, म्हणतात टीव्ही मोठा आणलाय, आता छत्रीपण मोठी द्या. म्हणजे आरसा मोठा आणला म्हणून डोकं मोठं करा, त्यातलाच प्रकार. वरून उजेड किती पडतो त्यावर माप. दिव्याखाली बसलात तर सहज सुई ओवता येते, लांब कोपऱ्यात बसलात की डोळे ताणायचे. आपण ज्या उपग्रहाच्या दिव्याखाली आहोत त्याला दोन फुटी पुरते, ज्याच्या पार काठावर आहोत त्याला मोठी लागते. एवढंच. हे गेल्यापासून दुकान मीच बघते, तेव्हा हिला काय कळतंय असं समजू नका — ऐकून ऐकून कान तयार झालेत.

आता तुमच्या त्या देशाचं. मुलं तिकडेच वाढली, तिकडचीच भाषा बोलतात, त्यांना तिकडचं चॅनल हवं — कळलं. आमची चिमीपण तिथेच असते. मुलगी माझी. नाही, तुमची ओळख असायचं काही कारण नाही, देश काय मुठीएवढा आहे? बोलणं होय… होतं की बोलणं. म्हणजे — आता नाही होत. लग्नावरून वाजलं बापलेकीचं. हे म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो हो, पण ती यांचीच लेक, शब्दाला पक्की. नाहीच दाखवलं. हे गेले तेव्हा कळवायला तिचा नंबरही नव्हता माझ्याकडे.

म्हणून तर सांगते, दोन फुटी पुरते. आमच्या डोक्यावर दोन फुटीच आहे — दुकान आणि घर, दोन्हीला एकच पत्रा. मी यांच्या मागे भुणभुण लावली होती, जगाला चॅनलं लावून देता, मला माझ्या लेकीचा देश तेवढा दाखवा. हे म्हणायचे, नाही जमायचं, आपल्या पत्र्यावर तेवढी मोठी छत्री तगणार नाही. मग मी अबोला धरला. बोलायचंच नाही, ताट पुढे सरकवायचं आणि आत जायचं. आणि एका संध्याकाळी हे शिडीवरून उतरले, हात पुसत म्हणाले, ये, लागलं तुझं चॅनल. मला ती भाषा ओ की ठो कळत नाही, पण बातम्या संपल्या की हवामान दाखवतात ना — नकाशा असतो, त्यावर ढग, सूर्य, पावसाचे थेंब — ते कुणालाही कळतं. यांनी किमतीचा पिवळा गोल स्टिकर सोलला आणि काचेवर चिकटवला. म्हणाले, ही बघ, इथे आहे चिमी. तेव्हापासून रोज बसायचो दोघं. त्या ठिपक्यावर थेंब आले की हे म्हणायचे, वेंधळी, आज छत्री घरी विसरली असणार. बर्फाच्या चांदण्या आल्या की मला तिच्या सर्दीची काळजी. तोंड नाही तर नाही, तिच्यावरचं आभाळ तर दिसतंय — हे यांचंच वाक्य.

थांबा, दाखवतेच. हे बघा. दोन फुटीवर किती स्वच्छ चित्र आहे, आणि तुम्ही सहा फुटीच्या गोष्टी करताय. तो पिवळा ठिपका दिसतोय ना, तिथेच आमची—

काय म्हणालात? शेजारचा? नाही, नीट वाचा, चष्मा लावा हवं तर, लिपी सारखी असेल दोघांची… नाही? तुम्ही राहून आलात तिथे, तुम्हाला कळणारच. शेजारचा देश. बरं.

हे बाकीच्या गिऱ्हाइकांना त्या देशासाठी सहा फुटीच सांगायचे, माहितीये? मला वाटायचं, नफ्यासाठी. एकदा हसलेसुद्धा — म्हटलं, आपलं दोनमध्ये भागतं आणि लोकांच्या गळ्यात सहा मारता. हातातला पाना नुसता फिरवत बसले. म्हणजे माहीत होतं. असणारच, आख्खा जन्म छत्र्यांत गेला त्यांचा. रोज माझ्या शेजारी बसून, भलत्याच देशाच्या पावसाकडे बघून — वेंधळी, छत्री विसरली असणार. माझ्यासाठी. मला निदान आभाळ तरी होतं हो इतकी वर्षं. त्यांना तर तेही नव्हतं.

दादा, एक सांगा — शेजारी शेजारी म्हणता, तर इकडचा ढग तिकडे सरकत असेल ना कधी? का मधे डोंगर… नको. नका सांगू.

तुमची सहा फुटी मागवते, निरोप पाठवीन आली की. मला? मला काय करायची, पत्रा तोच आहे. अहं, त्या स्टिकरला हात नका लावू. असू दे तिथेच. आता हवामान लागेल. दुकान बंद करायचंय मला. या तुम्ही.