कोलंबीच्या वाटीतला पासवर्ड

आमचे हे ऑफिसात सायबर सिक्युरिटी शिकवतात. पासवर्ड बायकोलासुद्धा सांगू नका म्हणतात, आणि मला खरंच सांगत नाहीत. त्यांच्या आईला तेवढा माहीत.

परवा आमच्या वायफायवर एक अनोळखी फोन दिसला. हॅकर आहे म्हणत ह्यांनी तो ब्लॉक केला. लगेच बेल वाजली. शेजारच्या तावडेकाकू.

"तुमचं नेट गेलंय का हो?"

ह्यांनी वळून आईकडे बघितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच दिला पासवर्ड. त्यांनी करावे गावच्या कोलंबीचं कालवण दिलं होतं. वाटी रिकामी कशी परत करू? घरात साखरपण नव्हती."

ह्यांनी तावातावाने पासवर्ड बदलला.

"बदल," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून भेंडी खा."

संध्याकाळी हेच जाऊन काकूंना नवा पासवर्ड देऊन आले. मला अजून सांगितलेला नाही. लागला की मी वाटी घेऊन काकूंकडे जाते.