आंतोनदादा आणि माझ्या आईची बोली

रोजीवहिनी, फादर, एडवणहून आलेले आंतोनदादाचे भाऊबंद, आमच्या कारखान्यातली मंडळी, आणि ड्युटी बदलून आलेल्या दवाखान्यातल्या सिस्टर,

मला माइकवर बोलायची सवय नाही. आंतोनदादा असता तर तो इथं उभा राहिला असता आणि मी मागच्या बाकावर बसून हसलो असतो. इतकी वर्षं आमचं तसंच चाललं होतं. आज तो नाही, म्हणून मला उभं राहावं लागतंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी तानाजी. मूळचा जतकडचा, सांगली जिल्ह्यातला. पोटासाठी बोईसरला आलो आणि ऑपरेटर म्हणून लागलो. आंतोनदादा तिथंच फिटर. आमचा धर्म वेगळा, बोली वेगळी, डबा तर फारच वेगळा. त्याचे बोंबील, माझा खर्डा. तरी आम्ही शेजारी बसून जेवायचो, कारण तो जिथं बसे तिथं हसणं असे.

त्याच्या नकलांबद्दल तुम्हाला मी काय सांगू? साहेब, वॉचमन, मनोरच्या बाजारात भाव करणारी बाई, बंद पडता पडता चालणारा पंप. पंपाचा आवाज असा काढायचा की एकदा मेंटेनन्सचा माणूस खरोखर पाना घेऊन धावत आला! हसा, मंडळी. हसायला हरकत नाही.

पण हाच गुण त्यानं एकदा सोडून द्यायचं ठरवलं होतं. त्यानंच मला सांगितलं. तरुणपणी त्यानं एका अडखळत बोलणाऱ्या कामगाराची नक्कल केली. सगळं कँटीन हसलं. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस मशीनपाशी एकटाच बसून जेवायला लागला. आंतोनदादानं जाऊन त्याची माफी मागितली. मग चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेला आणि म्हणाला, "फादर, आता हे तोंड बंद. परत कुणाची नक्कल नाय."

तेव्हाचे फादर म्हणाले, "देवानं दिलेलं असं परस्पर टाकून देतोस? सोडणं सोपं आहे, आंतोन. नीट शिक."

नीट शिक. त्या बोलण्यावर या माणसानं जन्म काढला.

मग माझी पाळी आली. वाफेच्या लाइनचा जॉइंट सुटला तेव्हा मी समोर होतो. चेहरा, गळा, उजवा हात, सगळं भाजलं. डॉक्टर रोज सांगायचे, तोंड हलवा, बोला, नाहीतर कातडी आखडेल. मी बोलत नव्हतो. बायको उशाशी बसून असायची, तिच्याशीही नाही. हे तोंड घेऊन आता कुणासमोर जायचं? मी भिंतीकडं वळून पडून राहायचो.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, झाली की आंतोनदादा यायचा. पहिल्यांदा त्यानं साहेब काढला. सगळा वॉर्ड हसला. मी डोळे मिटून घेतले. पुढच्या वेळी पंप काढला. मी तसाच.

त्यानंतर आला तेव्हा नक्कल केली नाही, स्टूल ओढून बसला. म्हणाला, "तानाजी, तुझी आय कशी बोलते रे?"

माझी आई गावी. तिला एवढा प्रवास झेपत नव्हता. माझ्या बायकोनं दोन वाक्यं बोलून दाखवली. आंतोनदादानं गळा खाकरला आणि सुरू केलं, "अरे लेकरा, जेवला काय?"

चूक. साफ चूक! माझी आई अशी बोलेल? त्यानं परत म्हटलं. परत चूक. मला राग आला आणि तोंडातून निघून गेलं, "आरं लेकरा, जेवलास का न्हाई!"

बायको उठून उभी राहिली. आंतोनदादा मात्र जागचा हलला नाही. म्हणाला, "कसा? 'न्हाई' कसा? परत बोल, जरा मोठ्यानं."

मी परत बोललो. परत बोललो. तो मुद्दाम चुकत होता का? मी त्याला पुढं विचारलं. म्हणाला, "नाय रे. तुमची बोली खरंच कठीण हाय."

मग तो घरी सराव करायला लागला. रोजीवहिनी सांगतात, ताटावर बसून म्हणायचा, "कालवण वाढ की गं." वहिनींना वाटलं, याचं डोकं फिरलं. आणि एका रविवारी हा माझ्या खाटेशी बसला, डोक्यावरून टॉवेल घेतला, आणि माझी आई बोलली, "लेकरा, तोंड भाजलं म्हनून काय झालं? माझ्याकडं बघ की."

मी बघितलं. टॉवेलातून मिशा दिसत होत्या. मला हसू फुटलं. गालाची कातडी ताणली, जीव जाईल असं दुखलं. तरी हसलो.

मी बरा झालो, पण आंतोनदादाचं दवाखान्यात जाणं थांबलं नाही. कोणी डोंगरातल्या पाड्यावरची बाई असो, कोणी बिहारचा कामगार. आधी विचारायचा, तुमच्याकडं कसं बोलतात? एकदा मी म्हणालो, "दादा, देवानंच दिलंय ना तुला? मग एवढं शिकायचं कशाला?" म्हणाला, "देवानं अंगणात बाव दिली तरी पाणी मलाच ओढावं लागते ना?" त्याच्याकडं विहिरीला बाव म्हणतात. मग म्हणाला, "अरे, उद्या येशूसमोर उभा राहीन. तो इचारील, आंतोन, दिलेल्याचं काय केलंस? तवा काय साहेबाची नक्कल करून दाखवू?"

आणि मला विचारलं, "तुला काय येते?"

मी म्हणालो, "काही नाही."

"तुला ऐकता येते. माझ्यासंगं चल."

तेव्हापासून मीही जातो.

शेवटी भेटलो तेव्हा तो स्वतःच आजारी पडून त्याच दवाखान्यात होता, आवाज गेला होता. मी त्याच्या ओठांशी कान नेला. स्वतःचं काही बोलला नाही. म्हणाला, "तो ओडिशावाला बोलला काय?" भाजलेल्यांच्या वॉर्डात नवा आलेला माणूस, कुणाशी शब्द नाही. मी म्हणालो, "अजून नाही." म्हणाला, "मग इकडं काय करतोस? जा."

मी गेलो. मला नक्कल येत नाही, ओडिया येत नाही. नुसता बसलो. मग पेला उचलून विचारलं, तुमच्याकडं याला काय म्हणतात? तो पेल्याकडं बघत राहिला. मी पेल्यातलं हलवून दाखवलं. तेव्हा हळूच म्हणाला, "पाणि."

मी म्हणालो, "अरे, आमच्याकडंही पाणीच!" आणि तो हसला.

हे सांगायला मी धावत परत गेलो, तर आंतोनदादा गेला होता.

येत्या रविवारी मिस्सेनंतर मी चर्चच्या फाटकाशी उभा असेन. ज्याला जे येतं ते घेऊन या, तिथून दवाखान्यात जाऊ. काही येत नाही असं वाटतं, त्यांनीही या.

आता आपण सगळे उठून थोडा वेळ शांत राहू. त्याआधी एक निरोप पोचवायचा राहिलाय, तो पोचवतो.

दादा, तो बोलला.